समुद्रकाठी राहायचं कधी? जहाजाआधी की जहाजानंतर?

प्रश्न : मुलगा आणि सून कॅलिफोर्नियात, सॅन होजेला असतात. यंदा आम्ही दोघं आणि आमचे व्याही-विहीण असे चौघं त्यांच्याकडे महिनाभर जाणार आहोत. पोरांनी आम्हा चौघांसाठी हवाईची क्रूझ ठरवली आहे. होनोलुलूहून शनिवारी निघायचं आणि सात रात्रींनी शनिवारीच परत यायचं. त्या दोघांना सुट्टी नाही, त्यामुळे जाणार आम्ही चौघंच. क्रूझला जोडून दोन-तीन दिवस समुद्रकाठच्या हॉटेलात राहावं असा बेत आहे. विहीणबाई म्हणतात, हॉटेल शेवटी घ्या, जहाजावरून उतरून निवांत वाळूत बसू. मला वाटतं आधी राहावं. त्यांना खोलीतून समुद्रही दिसायला हवा. ह्यांचे गुडघे दुखतात, व्याह्यांना कांदा-लसूण चालत नाही. मार्ग सुचवा.
– सौ. म. दे., राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर : विहीणबाईंचा मान राखून सांगते, एक रात्र आधी राहावंच लागेल. त्यात वाद घालण्यासारखं काही नाही. सॅन होजे ते होनोलुलू हे साडेपाच तासांच्या आसपासचं उड्डाण. शनिवारी सकाळी निघून संध्याकाळी जहाज गाठायचं, हे कागदावर बरोबर जमतं. पण विमानाला उशीर झाला तर जहाज तुमच्यासाठी थांबणार नाही. मग दुसऱ्या विमानाने पुढच्या बेटावर जाऊन ते पकडा, तेही स्वखर्चाने! तेव्हा शुक्रवारची रात्र होनोलुलूतच काढायची. प्रश्न उरतो तो बाकीच्या रात्रींचा, आणि त्याही आधीच घ्या असं माझं मत.

कारण सांगते. शनिवार ते शनिवार म्हणजे तुमचं जहाज 'प्राइड ऑफ अमेरिका' असणार. ते माउईला आणि काउआईला रात्रीचा मुक्काम करतं, 'हवाई' नावाच्याच मोठ्या बेटावर हिलो आणि कोना अशा दोन ठिकाणी थांबतं. ओआहू बेटावरून, म्हणजे होनोलुलूहून, ते नुसतं सुटतं. पर्ल हार्बर, वायकीकीचा किनारा, हवाईच्या राजांचा राजवाडा हे सगळं ओआहूवर आहे आणि जहाजाच्या कार्यक्रमात ते नाही. ते बघायचं तर हॉटेलच्या दिवसांतच बघायला हवं. परतीच्या दिवशी बघू म्हणाल, तर त्या दिवशी हातात बॅगा असतात, आणि पर्ल हार्बरला साधी खांद्यावरची पिशवीसुद्धा आत नेऊ देत नाहीत. पैसे भरून बाहेर ठेवावी लागते. १९४१च्या हल्ल्यात बुडालेल्या 'ॲरिझोना' युद्धनौकेच्या स्मारकापर्यंत नावेने नेतात. त्याची वेळ आधी ऑनलाइन घ्यावी लागते, माणशी एक डॉलर. हे काम मुलाच्या गळ्यात घाला.

आता शनिवारची सकाळ कशी असते ते ऐका. जहाज सातच्या सुमारास धक्क्याला लागतं आणि नाश्ता झाला की तुम्हाला उतरवतात. हॉटेलची खोली मिळते दुपारी तीनला, कुठे चारला. स्नेहलतागंजातलं माझ्या ओळखीचं एक जोडपं असंच सकाळी साडेआठला हॉटेलच्या लॉबीत जाऊन बसलं. सामान हॉटेलच्या माणसाने कोठीत ठेवून चिठ्ठी दिली, आणि काकांची बीपीची गोळी त्या सामानात! चार बॅगा उघडल्या तेव्हा ती फराळाच्या डब्याखाली सापडली. पुढे तीन वाजेपर्यंत दोघं पायात बूट घालून वाळूकडे बघत बसले. विहीणबाईंच्या डोळ्यांसमोरचा निवांतपणा हा नव्हे.

म्हणून बुधवारी पोचा, बुधवार-गुरुवार-शुक्रवार वायकीकीत राहा, शनिवारी दुपारी टॅक्सीने धक्क्यावर जा. पंधरा-वीस मिनिटांचा रस्ता आहे. परतल्यावर त्याच रात्रीचं विमान घ्या. होनोलुलूहून रात्री निघून सकाळी कॅलिफोर्नियात उतरणारी विमानं भरपूर असतात. मधला दिवस काढायला शहर दाखवून शेवटी विमानतळावर सोडणाऱ्या बस-सहली मिळतात, सामान बसच्या पोटातच राहतं.

खोलीतून समुद्र. इथे पैसा वाचतो किंवा जातो. खोल्यांच्या पाट्या नीट वाचायला शिका. 'ओशन फ्रंट' म्हणजे समोर खरोखर समुद्र. 'ओशन व्ह्यू' म्हणजे दिसतो, पण मध्ये एखादी इमारत किंवा रस्ता असू शकतो. 'पार्शियल ओशन व्ह्यू' म्हणजे गॅलरीच्या कोपऱ्यात जाऊन मान वळवली की दोन इमारतींच्या फटीतून निळी पट्टी दिसते. 'सिटी व्ह्यू' म्हणजे समोरच्याचे वाळत घातलेले टॉवेल. खालून वर भाव प्रत्येक पायरीला चढतो. माझं ऐकाल तर समुद्र खोलीतून विकत घेऊ नका. हवाईत भरतीच्या लाटा पोचतात तिथवरचा किनारा कायद्याने सगळ्यांचा आहे. समोर कितीही महाग हॉटेल असो, तुम्हाला तिथून कुणी उठवू शकत नाही. वायकीकीत काठचा मोठा रस्ता कालाकाउआ, त्याच्या मागे समांतर कुहिओ. कुहिओवर राहिलात तर पाच-सात मिनिटं चालून पाण्यात, आणि वाचलेल्या डॉलरमध्ये चौघांचं जेवण निघतं. विहीणबाई अगदीच अडून बसल्या तर शुक्रवारची एक रात्र त्यांना ओशन फ्रंट घेऊन द्या. लग्नातला एखादा मानपान राहिला असेल तर तोही फिटेल.

बिलाचंही बघून घ्या. तिथली बरीच हॉटेलं खोलीच्या भाड्यावर 'रिसॉर्ट फी' लावतात, वायकीकीत रात्रीला ४०-५० डॉलर सहज. पोहण्याचा तलाव वापरा नाहीतर नका वापरू. मे २०२५पासून अमेरिकेत ही फी धरूनच भाव दाखवायचा नियम आहे, तरी इथल्या एजंटाने पाठवलेल्या कोटेशनमध्ये ती आहे का हे विचाराच. कर पावणेएकोणीस टक्क्यांच्या आसपास, तो वेगळा. आणि खोल्या दोन घ्या, बिलंही दोन करा. व्याह्यांबरोबर हिशेब 'नंतर बघू' म्हणून ठेवायचे नसतात.

गुडघ्यांसाठी कुहिओ बीच बघा. तिथे समुद्रात दगडी बांध घालून लाट अडवली आहे, आत कमरेएवढं शांत पाणी असतं. जहाजावर लक्षात ठेवायचं ते कोना : तिथे जहाज धक्क्याला लागत नाही, छोट्या बोटीत उतरून किनाऱ्यावर जावं लागतं. तुमच्या ह्यांना जमत नसेल तर त्या दिवशी जहाजावरच आराम. हिलोला, माउईला, काउआईला थेट धक्का आहे.

एक गोष्ट मात्र पंचांगात बघून ठरवा. पौर्णिमेनंतर आठ ते दहा दिवसांनी ओआहूच्या दक्षिण किनाऱ्याला, म्हणजे नेमकं वायकीकीला, बॉक्स जेलीफिश येतात. डंख चांगलाच झोंबतो. जीवरक्षक पाट्या लावतात, कधीकधी पाण्यात उतरूच देत नाहीत. आपल्या भाषेत वद्य अष्टमी ते दशमी. भिंतीवर कालनिर्णय असो की लाला रामस्वरूप, महिन्याच्या नावात पंधरवड्याचा फरक पडेल, पण वद्य पक्ष दोन्हींत एकच. ते तीन दिवस वायकीकीच्या मुक्कामात येत असतील तर क्रूझ आठवडाभर पुढेमागे करायला पोरांना सांगा.

जेवणाचं : स्वयंपाकघर असलेली खोली घ्या. निदान फ्रिज आणि मायक्रोवेव्ह तरी हवाच. वायकीकीत कोपऱ्याकोपऱ्यावर 'एबीसी' नावाची दुकानं आहेत, फळं-दूध-ब्रेड तिथे मिळतं. सेव आणि मेतकूट सोबत असेलच. पण परतीच्या विमानाआधी ताज्या फळांसाठी बॅगा तपासतात. अननस नेऊ देतात, आंबा नाही.

हे सगळं वाचूनही विहीणबाईंना शेवटीच राहायचं असेल, तर वायकीकी नको, को ओलिना घ्या. बेटाच्या पश्चिमेला चार बांधीव खाड्या आहेत, पाणी घरच्या हौदासारखं शांत. मॅरियटचा बीच क्लब तिथे आहे, त्यात स्वयंपाकघरवाली घरं मिळतात. दुकानं कमी, गाव लांब, टॅक्सी महाग. पण निदान दोन रात्री घ्या. एका रात्रीसाठी एवढ्या लांब जाणं म्हणजे सामान उघडून परत भरणं.

प्रश्न : आम्ही दोघं निवृत्त आहोत. कोचीहून लक्षद्वीपची पाच दिवसांची जहाज-सहल करायची आहे. रात्री जहाजावरच असतात. अहिल्यानगरी एक्स्प्रेसने जाणार. चेराईला समुद्रकाठी आधी राहावं की नंतर?
– एक वाचक, लोकमान्यनगर, इंदूर

उत्तर : तुमच्या बाबतीत मात्र नंतर. वरच्या उत्तराच्या उलट सांगते आहे, कारण तुमची अडचणच वेगळी आहे. ती गाडी आठवड्यातून एकदाच सुटते, त्यामुळे तसेही एक-दोन दिवस आधी पोचाल. ते एर्नाकुलममध्ये किंवा फोर्ट कोचीत काढा. जहाज विलिंग्डन बेटावरून सुटतं आणि दोन्हींकडून ते जवळ आहे. फोर्ट कोचीला चिनी जाळी बघा, मत्तानचेरीचा राजवाडा बघा. पण तिथल्या किनाऱ्यावर आंघोळीची अपेक्षा ठेवू नका. लक्षद्वीपचा प्रवेश-परवाना हातात आल्याशिवाय चेराईचे पैसे भरू नका. जहाजाची तारीख हवामानाने हलते, आणि हॉटेलवाले तारीख हलवायला क्वचितच तयार होतात.

चेराई वायपीन बेटाच्या उत्तर टोकाला आहे, एर्नाकुलमहून तासाभराचा रस्ता. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडीचं संथ पाणी. खोली खाडीच्या बाजूची घ्या, स्वस्तही पडते आणि संध्याकाळी वाराही मिळतो. पावसाळ्यात जाऊ नका, समुद्र खवळलेला असतो. लक्षद्वीपलाही जहाज बऱ्याच ठिकाणी बेटाबाहेरच थांबतं आणि भर समुद्रात जहाजातून छोट्या बोटीत उतरायचं असतं, तेव्हा काकूंनी साडीऐवजी पंजाबी ड्रेस घालावा. बोटवाले हात धरतात, पण ते 'उतरा' म्हणतील तेव्हाच पाय टाकायचा, लाट खाली गेल्यावर नाही.

परतीचं तिकीट जहाज परत येण्याच्या तारखेनंतर निदान दोन दिवस सोडून काढा. अहिल्यानगरी चुकली तर पुढची आठवड्यानेच.