कोपऱ्यावरचा प्लॉट आणि पाण्याची पाळी

प्रश्न: पुण्यात कर्वेनगरला आमच्या गल्लीच्या टोकाला पालिकेचा मोकळा प्लॉट आहे, नुसता राडारोडा पडलेला असायचा, आम्ही पाच-सहा घरांनी तो उपसला, बहावा आणि कडुनिंब लावले, पोरांसाठी टायरचा झोपाळा बांधला. आता पाणी कोण घालणार यावरून रोज वाद, वर काही जण तिथंच गाड्या लावतात. काय करावं?

उत्तर: ताई, खूप छान काम केलंत. मला वाटतं वाद पाण्याचा नाहीये, काहीच ठरलेलं नाही त्याचा आहे. वेताळ टेकडीवर बघा, लोक सकाळी कॅन घेऊन चढतात नि झाडांना पाणी घालतात. तसंच वार वाटून घ्या, एक वही टांगून ठेवा, ज्यानं पाणी घातलं त्यानं सही करायची. आणि गाड्या लावणाऱ्यांनाही मीटिंगला बोलवा, हे नक्की करा, त्यांना बाजूला ठेवून केलेला नियम आठवडाभरसुद्धा टिकत नाही हो.

जागा पालिकेची आहे, त्यामुळं क्षेत्रीय कार्यालयात लेखी पत्र द्या नि पोच घ्या. पुण्यात २००६ पासून नागरिकांना पालिकेच्या बजेटसाठी आपल्या भागातली कामं सुचवता येतात, त्यात नळ आणि दोन बाक मागा. पुढं संस्था करायची झाली तर १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली सात जण पुरतात. पण आधी वही, कारण बहाव्याचं रोप मे महिन्यात तुमच्या रजिस्ट्रेशनसाठी थांबणार नाही.