‘आते काबरं बोलना तो?’

समोर बसलेल्या बाईच्या कापडी पिशवीत वर्तमानपत्राचं एक पान होतं, चार घड्या घालून ठेवलेलं. जन्मठेपेतल्या कैद्यानं जुन्या खुनाची कबुली दिली, अशी आतल्या पानावरची छोटी बातमी. कैदी म्हणजे तिचा सख्खा थोरला भाऊ. गाव पाचोरा तालुक्यातलं. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत.)

“माले काहीच समजस नही, मॅडम. बारा वरीस तोंड उघाडं नही. आते काबरं बोलना तो?” आता का बोलला, असं ती अहिराणीत विचारत होती.

जळगावात कैद्यांच्या घरच्यांशी बोलायला लागल्यापासून हा प्रश्न मी वेगवेगळ्या तोंडून ऐकला आहे. माणूस आत आहे, शिक्षा चालू आहे, पोलिसांकडे पुरावा नाही. मग स्वतःहून नवं संकट का ओढवून घ्यायचं? डोकं फिरलं का? मारलं का?

बाईचा हिशेब पक्का होता. बांधाच्या भांडणातल्या दुसऱ्या खुनाच्या शिक्षेची बारा वर्षं झाली, दोन राहिली, मग भाऊ घरी. हा हिशेब खानदेशात घरोघर असाच मांडतात. तो चुकीचा आहे, हे आधी सांगावं लागलं. जन्मठेप म्हणजे मरेपर्यंत. अशा खुनाच्या गुन्ह्यात चौदा वर्षं प्रत्यक्ष भोगल्याशिवाय सरकारला सूट देऊन सोडता येत नाही, एवढाच त्या चौदाचा अर्थ. ती गप्प झाली. मग म्हणाली, “म्हणजे दोन वर्षांनीही नक्की नव्हतंच?” नव्हतंच. हे आतल्या माणसाला बाहेरच्यांच्या आधी कळतं. गमावण्यासारखं आपल्याला वाटतं तेवढं त्याच्याकडे उरलेलंच नसतं.

स्थानिक गुन्हे शाखेचे दोघे नाशिकरोड जेलमध्ये गेले होते ते दुसऱ्याच कैद्याच्या चौकशीला. याच्याशी बोलणं निघालं ते कापसाच्या भावावरून. दोन वर्षं त्याच्या मुलाखतीला, म्हणजे तुरुंगातल्या भेटीला, कुणी फिरकलं नव्हतं. गाडीभाडं, मजुरी बुडणं, लाज, सगळंच आड आलं. समोर बसून तासभर ऐकणारा माणूस मिळाला, म्हणून तोंड उघडलेले कैदी मी पाहिले आहेत. त्यात पश्चात्ताप किती आणि एकटेपणा किती, हे त्यांनाही सांगता येत नाही.

कधी सरळ व्यवहार असतो. अमेरिकेत सॅम्युअल लिटल कॅलिफोर्नियाच्या तुरुंगात जन्मठेप भोगत होता. 2018 मध्ये जेम्स हॉलंड नावाच्या टेक्सास रेंजरपुढे, म्हणजे टेक्सास राज्याच्या तपास अधिकाऱ्यापुढे, त्यानं 93 खून कबूल केले. त्याला तो तुरुंग सोडून दुसरीकडे जायचं होतं. तरी त्यातले पन्नासहून जास्त तपासात खरे निघाले, मेलेल्या बायकांचे चेहरे त्यानं आठवणीतून काढून दिले. उलट उदाहरण हेन्री ली लुकासचं. 1980 च्या दशकात टेक्सासमध्ये त्यानं शेकडो खून अंगावर घेतले, आणि बहुतेक खोटे ठरले. गावोगावचे पोलीस भेटायला येत होते, बाहेरचं खायला मिळत होतं, कोठडीतून फिरणं होत होतं. म्हणून ‘कबूल केलं म्हणजे केलंच असेल’ असं मी कधी धरून चालत नाही.

तिला मी तेच सांगितलं. पोलिसापुढची नुसती कबुली कोर्टात पुरावा होत नाही. 1 जुलै 2024 पासून हे भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 23 मध्ये आहे, पूर्वी जुन्या पुरावा कायद्यात होतं. पण त्या सांगण्यावरून एखादी वस्तू सापडली, तर सांगण्यातला तेवढा भाग चालतो. मॅजिस्ट्रेटपुढे नेलं, तर ‘तू बोलायला बांधील नाहीस’ हे त्याला आधी बजावावंच लागतं, आणि तिथं नाही म्हटल्यावर त्याला पोलीस कोठडीत धाडता येत नाही. फुकट वकिलासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा अर्ज आम्ही दोघींनी बसून भरला.

इथं मात्र सापडलं होतं. पऱ्हाट्या टाकून बुजत आलेल्या पडक्या विहिरीत हाडं निघाली, आणि एक पितळी कडं. पंधरा वर्षांपूर्वी ‘सुरतला कामाला गेला’ म्हणून गावानं सोडून दिलेला माणूस. त्याची बायको अजून कुंकू लावते.

तिसऱ्या भेटीत बाई बोलता बोलता थांबली. तो माणूस नाहीसा झाला तेव्हा आईनं भावाला चुलीपुढे बसवून विचारलं होतं. त्यानं आईच्या डोक्यावर हात ठेवला, “तुझी शपथ, मला काही माहीत नाही.” हिनं ते दारातून पाहिलं होतं. तेव्हा ही पंधरा-सोळा वर्षांची.

आई मागच्या पावसाळ्यात गेली. मातीला यायला त्याला रजा वेळेत मिळाली नाही.

मला वाटतं, कुलूप तिथं होतं. आई होती तोवर खरं सांगणं म्हणजे तिच्या डोक्यावर हात ठेवून खोटं बोललो हे तिला कळणं. आणि आपल्याकडे खोटी शपथ घेतली की ज्याची घेतली ते माणूस जातं, हे लहानपणापासून कानावर पडलेलं असतं. आई गेल्याचं त्यानं कुणाच्या खात्यावर टाकलं असेल, याचा मी अंदाजच करू शकते. एवढ्या खोलातलं पुस्तकात सापडत नाही, चुलीपाशी सापडतं.

महिन्याभरानं ती पाचोऱ्याहून गाडी धरून नाशिकरोडला जाऊन आली. मुलाखतीत काचेपलीकडे तो, हातात फोन. ‘आते काबरं’ हे तिनं विचारलंच नाही. त्यानंच आधी विचारलं, आईला शेवटी त्रास झाला का?

आई तीन महिने अंथरुणावर तळमळत होती.

“मी सांगितलं, झोपेतच गेली,” ती म्हणाली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. “खोटं बोलली मी, मॅडम. त्यानं शपथ घालून विचारलं नाही, तेवढं बरं झालं.”