लॅटिनो पुरुष किट नेतात, पण परत का आणत नाहीत?

प्रश्न असा होता: ह्यूस्टनच्या धर्मादाय दवाखान्यात लॅटिनो (लॅटिन अमेरिकी वंशाचे) पुरुष मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठीचं 'फिट' किट (शौचातलं न दिसणारं रक्त शोधायला घरी नमुना घ्यायचं साहित्य) घेऊन जातात, पण परत देत नाहीत, हा मर्दानगीचा ताठा का?

ताठा असतो, पण सगळं खापर त्यावर फोडू नका. टेक्सासमधल्याच फोर्ट वर्थमध्ये विमा नसलेल्यांवर झालेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. घरपोच किट मिळालेल्यांपैकी ४०.७ टक्क्यांनी तपासणी केली, मोफत कोलोनोस्कोपीचं (आतड्यात कॅमेऱ्याची नळी घालून होणाऱ्या तपासणीचं) निमंत्रण मिळालेल्यांपैकी २४.६, आणि नेहमीच्या पद्धतीत जेमतेम १२.१ टक्क्यांनी. किट घरी धाडल्याने कुणाचा स्वभाव बदलत नाही. खेटे वाचतात, खाडा वाचतो.

गुदद्वारातून बोटाने होणाऱ्या प्रोस्टेट तपासणीची धास्ती मात्र खरी, आणि हीही तसलीच तपासणी वाटते. म्हणून पहिल्याच वाक्यात सांगा: यात कुणी हात लावत नाही, घरी एकट्याने करायचंय. मग किट उघडून दाखवा. शौच कागदावर झेलायचं, पाण्यात पडू द्यायचं नाही. टोपीच्या काडीने वरवर चार-पाच ठिकाणी खरवडायचं. खाचा भरल्या की पुरे, गोळा भरायचा नाही. बाटलीवर तारीख हवीच, ती नसली तर प्रयोगशाळा नमुना नाकारते. टेक्सासच्या उन्हाळ्यात नमुना गाडीत ठेवू नये, उष्णतेने रक्ताचा अंश विघटित होतो आणि निकाल खोटा 'ठीक' येतो.

मुलीला दुभाषी करू नका. शौचातून रक्त जातं का, हे बाप तिच्यासमोर कबूल करणार नाही. आणि रक्त जात असेल तर किट नकोच, थेट डॉक्टरकडे.

खरी अडचण पुढे आहे. चाचणीत रक्त आढळलं तर कोलोनोस्कोपी लागतेच. विमा असेल तर ४५ ते ७५ वयात बहुतेक खासगी योजनांत तीही आता विनाखर्च. पण टेक्सासने मेडिकेड (गरिबांसाठीचा सरकारी विमा) जास्त लोकांपर्यंत वाढवलेलं नाही, आणि कागदपत्रं नसलेल्याला सरकारी बाजारपेठेतून विमा घेता येत नाही. 'सापडलं तर पैसे कोण भरणार?' असं त्याने विचारलं तर तो दैववादी नाही, हिशेबी आहे. ऐपतीनुसार फी घेणारं केंद्र किंवा जिल्हा रुग्णालय आधी ठरवून मगच किट द्या. कोलोनोस्कोपीत गुंगी देतात, त्यामुळे घरी न्यायला माणूस लागतो; आदल्या दिवशीच्या जुलाबाच्या औषधाने कामाचा आणखी एक दिवस जातो. किटमध्ये रक्त आढळल्यावर कोलोनोस्कोपी दहा महिन्यांहून जास्त रखडली तर कर्करोग पुढच्या टप्प्यावर सापडण्याचा धोका वाढतो, तेव्हा फोन करत राहा. शक्यतो स्पॅनिश बोलणाऱ्या प्रोमोतोराकडून (वस्तीतल्या आरोग्य कार्यकर्तीकडून), संध्याकाळी, काम सुटल्यावर.