दम लागतो, पण घड्याळ म्हणते ‘हलका व्यायाम’

प्रश्न : माझे वय ५८ वर्षे आहे. रोज सकाळी मी ग्वाल्हेरच्या किल्ल्याची चढण चढतो. वर पोहोचेपर्यंत चांगलाच दम लागतो, तरी मनगटावरचे घड्याळ नाडीचे ठोके ९८ च्या वर दाखवत नाही आणि व्यायाम ‘हलका’ ठरवते. रक्तदाबासाठी मी मेटोप्रोलोल घेतो. चाल वाढवावी काय?
— एक वाचक, लष्कर, ग्वाल्हेर

उत्तर : चाल मुळीच वाढवू नये. मेटोप्रोलोल हे बीटा-ब्लॉकर गटातील औषध आहे. श्रमाच्या वेळी हृदयाची गती वाढवणाऱ्या अॅड्रेनलिनला ते अडवते, त्यामुळे शरीर कष्टत असूनही ठोके त्या प्रमाणात वाढत नाहीत. अशी घड्याळे बहुधा २२० मधून वय वजा करतात. तुमच्या बाबतीत १६२ हा आकडा येतो, आणि त्याच्या ६४ ते ७६ टक्के, म्हणजे सुमारे १०४ ते १२३ ठोके, हा मध्यम श्रम मानला जातो. हे गणित औषध न घेणाऱ्यांच्या बाबतीतसुद्धा दहा-बारा ठोक्यांनी सहज चुकते. तुम्हाला तर ते लागूच पडत नाही. मात्र एवढ्यावरून गोळी कमी करणे किंवा बंद करणे धोक्याचे आहे.

तुमच्यासाठी श्रमाच्या जाणिवेचे माप अधिक विश्वासार्ह आहे. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांनी १९६० च्या दशकात ६ ते २० अंकांची श्रेणी मांडली. तिच्यात ६ म्हणजे पूर्ण विश्रांती आणि २० म्हणजे श्रमाची कमाल मर्यादा. सुरुवात ६ पासून होते, कारण निरोगी माणसाने सांगितलेल्या अंकाला १० ने गुणले की त्याच्या नाडीचा ढोबळ अंदाज यावा, अशी ती बेतलेली आहे. हा गुणाकार तुम्ही सोडून द्यावा, अंक मात्र धरून ठेवावा. श्वास, घाम आणि पायांचा थकवा यांचा एकत्रित विचार करून अंक द्यावा. केवळ गुडघा दुखतो म्हणून तो वाढवू नये. तुम्ही १२-१३ च्या आसपास राहावे. सोबत्याशी पूर्ण वाक्यात बोलता येते, पण गाणे म्हणता येत नाही, ही त्याची सोपी खूण आहे. दोन-चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला, तर श्रम तीव्र झाले असे समजून तिथेच चाल कमी करावी. चढण अवघड असल्याने सपाटीवरची चाल तिथे टिकवण्याचा आग्रह नको.

मे-जूनमध्ये त्याच चालीला अंक वर जाईल, कारण शरीर थंड ठेवण्यासाठी रक्त त्वचेकडे वळते आणि हृदयावरचा भार वाढतो. ती वाढ खरी मानून वेग उतरवावा आणि ऊन चढण्यापूर्वी परतावे. छातीत दडपण आले, जबड्यात किंवा हातात कळ आली अथवा चक्कर आली, तर तिथेच थांबून तातडीने वैद्यकीय मदत घ्यावी.

ठोक्यांचा आकडा हवाच असेल, तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली ट्रेडमिलवरील तणाव चाचणी करून घेता येईल. व्यायामाची मर्यादा ठरवण्यासाठी ती नेहमीची गोळी घेऊन केली जाते, तर निदानासाठी काही वेळा गोळी थांबवण्यास सांगतात; म्हणून चाचणीचा हेतू डॉक्टरांना आधीच स्पष्ट सांगावा.