घर स्वस्तात मिळतंय, पण आत माणसं आहेत

प्रश्न : ताई, नाशिकला रविवार कारंज्याजवळ एक जुनं दुमजली घर विकायला आलंय, भाव आजूबाजूपेक्षा बराच कमी. खाली एक आजोबा चाळीसेक वर्षांपासून भाड्याने आहेत, वर एक फॅमिली लीव्ह अँड लायसन्सवर होती, करार गेल्या वर्षीच संपला पण ती हलत नाही. एजंट म्हणतो सिंहस्थ आलाय, भाव चढणार, आत्ता विसार देऊन टाका, माणसं मी दोन महिन्यात काढून देतो. मला तिथे राहायचं नाही, फक्त गुंतवणूक म्हणून. घेऊ का?
– एक वाचक, इंदिरानगर

उत्तर : दादा, आधी एजंटला विचारा की काढून देतो म्हणजे कसं. पोरं पाठवून सामान रस्त्यावर टाकलं तर त्या लोकांना सहा महिन्यांच्या आत कोर्टात जाऊन ताबा परत मागता येतो, मग मालक कोण हे त्या दाव्यात बघतसुद्धा नाहीत. आणि खरेदीनंतर तुम्ही आजोबांचं नळ-लाइट बंद केलंत तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याखाली तुम्हीच अडकाल.

आता आजोबा. तुम्ही घर घेतलंत की ते तुमचे भाडेकरू होतात, बस एवढंच बदलतं. भाडं वेळेवर देत असतील तर काढायला १९९९ च्या त्या कायद्यातलंच कारण लागतं, आणि सगळे ज्याच्यावर भिस्त ठेवतात ते म्हणजे मालकाला स्वतःला जागेची खरी गरज आहे. तुम्ही तर पत्रातच लिहिलंय राहायचं नाही! तुम्हाला स्वतःला तिथे राहायला जायचं असतं तर गोष्ट वेगळी, तरी कोर्ट दोघांपैकी कोणाची अडचण जास्त हे बघणारच. वय झालंय, थांबू थोडी वर्षं, असा हिशोब मनात असेल (असतोच, लाजू नका) तर तोही चुकतो, कारण त्यांच्यासोबत राहणाऱ्या घरच्या माणसाकडे भाडेहक्क जातो.

वरच्या फॅमिलीचं मात्र सोपं आहे. राहण्यासाठीचा लेखी करार संपला की त्याच कायद्याच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे (म्हणजे अशा अर्जांसाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) अर्ज करता येतो, मुदतीनंतर राहिल्याबद्दल करारातल्या फीच्या दुप्पट रक्कमही मागता येते, आणि समोरच्याला समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत बाजू मांडायची परवानगी घ्यावी लागते. पण मेख इथेच आहे. त्या कलमात मालक म्हणजे मूळ मालक आणि तो वारल्यावर आलेला वारस, विकत घेणाऱ्याचं नाव तिथे नाही. म्हणून हा अर्ज आत्ताच्या मालकालाच करायला लावा, तोही खरेदीखताच्या आधी. तो टाळाटाळ करायला लागला तर समजा करारातच काहीतरी गडबड आहे, रजिस्टर केलेली प्रत हातात घेतल्याशिवाय पुढे बोलूच नका.

महापालिकेचा घरपट्टीचा उतारा काढा, भोगवटादार, म्हणजे जागा प्रत्यक्ष वापरणारा, म्हणून कोणाचं नाव आहे ते बघा, वीजबिल बघा, आणि एजंटला न घेता एका संध्याकाळी स्वतः जाऊन आजोबांशी बोला. भाड्याच्या पावत्या कोणाच्या नावाने फाटतात हे ते चहा घेता घेता सांगतील, कधी कधी तिसराच भाऊ-पुतण्या हिस्सेदार निघतो.

घ्यायचंच असेल तर आजोबा राहणारच असं धरून भाव लावा, खालच्या मजल्यासाठी त्यांचं आत्ताचं भाडं वर्षाला किती येतं तेवढ्यावरच. विसार अगदी थोडा द्या, आणि मोठी रक्कम वरचा मजला रिकामा होऊन किल्ली हातात आल्यावरच, असं साठेखतात (खरेदीखताच्या आधीच्या करारात) लिहून ते रजिस्टर करा. मालक याला नाही म्हणाला तर सिंहस्थ येवो नाहीतर काहीही येवो, मी तरी विसार देणार नाही.