बर्लिन की म्युनिक? आधी दुसऱ्या नोकरीचं बघा

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: बर्लिनच्या एका स्टार्टअपची वर्षाला ७२,००० युरोची ऑफर आहे आणि म्युनिकच्या एका जुन्या, मोठ्या कंपनीची ७८,००० ची. तुम्ही बॅकएंड डेव्हलपर, पत्नी अकाउंट्समध्ये, मुलगी पाच वर्षांची, जर्मन कुणालाच येत नाही. पगारातून भाडं वजा केलं तर दोन्हीकडे जवळपास सारखंच उरतंय, मग ठरवायचं कशावरून? मी आधी बर्लिनमध्ये नोकरी केली, आता बरीच वर्षं म्युनिकला आहे, म्हणून उत्तर द्यायला बसले.

वजाबाकी तुम्ही बरोबर केली आहे, फक्त ती पहिल्या नोकरीपुरतीच आहे. इथे माझ्या ओळखीतल्या किती तरी जणांनी तीन-चार वर्षांत कंपनी बदलली. शहर बदललेले मात्र मोजकेच. मूल शाळेत रुळलं, घर मिळालं, जोडीदाराला काम लागलं की दुसऱ्या गावी जायचं नाव कोणी काढत नाही. म्हणजे आज जे शहर निवडाल, तिथेच तुमची दुसरी आणि तिसरी नोकरीही शोधाल. तेव्हा मी प्रश्न असा मांडेन: ही नोकरी गेली, तर याच शहरात, येतं तेवढ्याच जर्मनवर, दुसरी किती लवकर मिळेल? आणि पत्नीला पहिली कधी मिळेल?

घाबरवत नाहीये, इथले नियमच तसे आहेत. प्रोबेशन सहसा सहा महिन्यांचं असतं आणि त्या काळात दोन आठवड्यांची नोटीस पुरते. बेकारी भत्ता हवा असेल तर गेल्या ३० महिन्यांत किमान १२ महिने विम्याचे हप्ते भरलेले असावे लागतात. म्हणजे आल्या आल्या पहिल्याच वर्षात नोकरी गेली तर तो मिळत नाही. ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदाराचा इथे राहून काम करायचा परवाना, त्याच दिवशी रद्द होत नाही, पण परदेशी नागरिकांच्या कार्यालयाला कळवावं लागतं आणि नवी नोकरी शोधायला हाताशी काही महिनेच असतात. कायमचा परवाना ब्लू कार्डवर २७ महिन्यांनी मिळू शकतो, बी१ म्हणजे मध्यम पातळीचं जर्मन असेल तर २१ महिन्यांनी. तिथपर्यंतचा काळ नाजूक. त्यानंतर मग बिनधास्त स्टार्टअपमध्ये जा, नाही तर स्वतःची काढा.

या कसोटीवर काही गावं सरळ बाद होतात. वोल्फ्सबुर्ग हे शहरच १९३८ मध्ये मोटारींच्या कारखान्यासाठी वसवलं गेलं. तिथल्या फोक्सवॅगनने डिसेंबर २०२४ मध्ये कामगार संघटनेशी करार केला, त्यात २०३० पर्यंत जर्मनीतल्या ३५,००० हून अधिक जागा कमी करायचं ठरलं. सक्तीने कुणाला काढणार नाहीत, हे खरं. पण नव्याने आलेल्या माणसाने तिथे दुसरी नोकरी शोधायची कुठे? अशा एका कंपनीच्या गावातून ऑफर आली तर मी पगार कितीही असो, दहादा विचार करेन.

तुमची दोन्ही शहरं या कसोटीला उतरतात, पण वेगवेगळ्या तऱ्हेने. म्युनिकमध्ये बीएमडब्ल्यू, सीमेन्स, अलियान्झ यांची मुख्यालयं आहेत, इन्फिनिऑनचं शहराला लागूनच, शिवाय गूगल, ॲपल, मायक्रोसॉफ्टची मोठी ऑफिसं. गंमत म्हणजे सीमेन्स मूळची बर्लिनची, १८४७ मध्ये तिथेच सुरू झालेली. दुसऱ्या महायुद्धानंतर तिने बस्तान म्युनिकला हलवलं. चारी बाजूंनी पूर्व जर्मनीने वेढलेल्या पश्चिम बर्लिनमध्ये मोठे उद्योग राहायला तयार नव्हते, आणि त्याचा परिणाम आजही दिसतो. बर्लिनमध्ये सरकार आहे, विद्यापीठं आहेत आणि २००० नंतर उगवलेल्या इंटरनेट कंपन्या आहेत: झालांडो, डिलिव्हरी हीरो, एन२६ वगैरे. या कंपन्यांचं काम इंग्रजीत चालतं. म्युनिकच्या जुन्या कंपनीत मुलाखत इंग्रजीत होते, ऑफर लेटर इंग्रजीत येतं, आणि तिसऱ्या महिन्यात कळतं की कॅंटीनमध्ये सगळे जर्मन बोलतात आणि महत्त्वाचं सगळं कॅंटीनमध्येच ठरतं. म्हणून त्या कंपनीला विचाराच: माझ्या टीममध्ये किती जण जर्मन न येणारे आहेत? संपूर्ण कंपनीचा आकडा सांगतील, तो ऐकून घ्या आणि टीमचा पुन्हा विचारा.

स्टार्टअपला विचारायचा प्रश्न वेगळा. हातातला पैसा किती महिने पुरेल? पुढची गुंतवणूक कधी घेणार? लाजू नका, बर्लिनमध्ये हा प्रश्न सर्रास विचारतात. नीट उत्तर मिळालं नाही तर तेही एक उत्तरच समजा.

आता पैशाचं पटकन उरकते. जर्मनीत प्राप्तिकर शहरागणिक बदलत नाही. स्वित्झर्लंडमध्ये कँटन आणि गाव बदललं की कर बदलतो, इथे तसं नाही. पत्नी सुरुवातीला कमावत नसेल तर तुम्हाला टॅक्स क्लास तीन, म्हणजे दरमहा कमी कर कापला जाणारा गट, मिळेल, दोन्हीकडे सारखाच. वरचे ६,००० युरो कर आणि विमा जाऊन महिन्याला तीनशेच्या आसपास हातात येतील, आणि म्युनिकचं घरभाडं ते बहुधा गिळून टाकेल. इथे एक सापळा आहे. नेटवर शहरांच्या अधिकृत भाडेतक्त्याचे आकडे सापडतात: २०२३ मध्ये म्युनिकचा सरासरी दर चौरस मीटरला १४.५८ युरो होता, बर्लिनचा ७.१६. हे वाचून लोक बर्लिनला अर्ध्या किमतीत घर मिळेल असं धरून चालतात. पण त्या सरासरीत आधीपासून राहणाऱ्यांचे करार असतात. नव्याने येणाऱ्याला ते दर बघायलाही मिळत नाहीत. बर्लिनमध्ये आज जाहिरातीत दिसणारं भाडं त्या तक्त्याहून कितीतरी वर असतं. नव्या करारातलं भाडं तक्त्याच्या १० टक्क्यांहून वर जाऊ नये असा नियम आहे खरा, पण १ ऑक्टोबर २०१४ नंतर पहिल्यांदा वापरात आलेल्या इमारतींना तो लागू नाही, आणि सामानासकट थोड्या मुदतीने दिलेल्या घरांच्या बाबतीत त्याला सहज बगल दिली जाते. तेव्हा वजाबाकी पुन्हा कराल ती आजच्या जाहिराती उघडून करा, आणि ‘काल्टमीटे’ नव्हे, ‘वार्ममीटे’ धरा. पहिल्यात हीटिंग आणि इमारतीचा खर्च नसतो.

घर शोधणं मात्र दोन्हीकडे जिवावर येतं. जाहिरात सकाळी लागते आणि दुपारपर्यंत काढूनही टाकतात. बघायला गेलं की जिन्यात रांग, प्रत्येकाच्या हातात फाइल: शेवटच्या तीन पगारपावत्या, आधीच्या मालकाचं भाडं थकलं नसल्याचं पत्र, आणि शुफाचा दाखला, म्हणजे तुम्ही देणी वेळेवर फेडता याचा कागद. नुकत्याच आलेल्या माणसाकडे यातलं एकही नसतं. वर, घर मिळालंच तर बऱ्याचदा स्वयंपाकघरात भिंतीतून आलेल्या पाण्याच्या दोन नळ्या आणि शेगडीसाठी एक वायर, बाकी काही नाही. ओटा, सिंक, कपाटं तुमची तुम्ही आणायची. डिपॉझिट तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापर्यंत घेता येतं, पण कायद्याने ते तीन हप्त्यांत द्यायची मुभा आहे. हे मालक आपणहून सांगत नाहीत.

म्हणून दोन्ही कंपन्यांशी बोलताना पगारात आणखी दोन हजार मागण्यापेक्षा पहिल्या तीन महिन्यांचं सामानासकट घर मागा, आणि त्या पत्त्यावर ‘आनमेल्डुंग’ करता येईल हे ईमेलवर लिहून घ्या. नव्या घरात गेल्यावर दोन आठवड्यांत पत्ता नोंदवावा लागतो आणि त्यासाठी घरमालकाचं सहीचं पत्र लागतं. ती नोंद झाली की करक्रमांक घरी येतो. तो वेळेत पोचला नाही तर पहिल्या पगारातून कर सगळ्यात चढ्या दराने कापला जातो. पुढे परत मिळतो, पण तोवर हात आखडता.

पत्नीचं काम हा भाग तुम्ही प्रश्नात एका ओळीत टाकलाय, मी त्याला सगळ्यात जास्त वजन देईन. ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराला कोणतीही नोकरी करायला मोकळीक असते, परवान्याची अडचण नाही. अडचण भाषेची. बर्लिनमध्ये इंग्रजीवर भागतं हे डेव्हलपरपुरतं खरं. अकाउंट्समध्ये जर्मन कायदा, जर्मन बिलं, करखात्याची जर्मन पत्रं. तिथे बी२ शिवाय, म्हणजे बी१ च्या वरच्या पातळीशिवाय, दार उघडणं कठीण, मग शहर कोणतंही असो. थोडा फरक आहे तो असा: बर्लिनच्या इंग्रजीत चालणाऱ्या कंपन्यांमध्ये फायनान्सचं अंतर्गत काम, रिपोर्टिंग, बजेट वगैरे इंग्रजीत करणाऱ्या जागा असतात. थोड्या असतात आणि त्यावर उड्या पडतात, पण भाषा शिकता शिकता पाऊल टाकायला जागा आहे. म्युनिकमध्ये तशा जागा बहुतेक मोठ्या आंतरराष्ट्रीय कंपन्यांतच. या विषयावर एक आगाऊ सल्ला: निघायच्या आधी तिचा क्लास सुरू करा, तुमचा नंतर झाला तरी चालेल. इथे येऊन कामाचं बघू म्हणत बसलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. दोन हिवाळे घरात काढल्यावर सगळ्या घरालाच शहर नकोसं होतं.

मुलीची शाळा. शिक्षण राज्यांच्या हातात आहे, म्हणून इथे शहर बदललं की नियमही बदलतात. बव्हेरियात, म्हणजे म्युनिकच्या राज्यात, प्राथमिक शाळा चार वर्षांची. चौथीत जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास या तीन विषयांची सरासरी काढतात (इथे १ म्हणजे सर्वोत्तम) आणि ती २.३३ किंवा त्याहून चांगली असेल तर मूल थेट गिम्नाझियमला जातं, म्हणजे विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाळेत. नसेल तर चाचणीचे वर्ग. भाषा शून्यापासून सुरू केलेल्या मुलीसाठी पहिली ते चौथी हा काळ थोडा आहे. मुलं भराभर शिकतात, सगळे सांगतात ते खरंच. पण खेळाच्या मैदानावरचं जर्मन आणि परिच्छेद वाचून उत्तरं लिहायचं जर्मन यात दोन वर्षांचं अंतर असतं. बर्लिनमध्ये प्राथमिक शाळा सहा वर्षांची. गिम्नाझियमच्या प्रवेशाचे नियम तिथेही अलीकडे कडक केलेत, तरी दोन वर्षं जास्त मिळतात. तुमच्या मुलीच्या वयाला हा फरक मला तीनशे युरोंपेक्षा मोठा वाटतो. रस्ता पुढे बंद होतो असं नाही, रेआलशुलेतून, म्हणजे मधल्या स्तराच्या माध्यमिक शाळेतून, नंतर वळता येतं, पण चौथीच्या वर्षात म्युनिकच्या घरांत जो ताण असतो तो जवळून बघितलाय.

शाळेनंतरची सोयही विचारा. बऱ्याच शाळा दुपारच्या आत सुटतात आणि पुढे ‘होर्ट’, म्हणजे शाळेनंतर मुलांना सांभाळण्याची सोय, लागतो. ऑगस्ट २०२६ पासून पहिलीच्या मुलांना दिवसभराच्या सोयीचा कायदेशीर हक्क मिळतोय, पण हक्क आणि जागा एकदम मिळतील या भरवशावर राहू नका. बर्लिनच्या प्राथमिक शाळांना ही सवय जुनी आहे. किटा, म्हणजे बालवाडी, बर्लिनमध्ये २०१८ पासून सगळ्या वयांना मोफत आहे, जेवणाचे थोडे पैसे सोडले तर. तुमच्या मुलीला ती पहिलीत जाईपर्यंतच लागेल.

बाकी ज्याच्यावर लोक तासन्तास वाद घालतात ते मी फार धरत नाही. सुट्ट्या बव्हेरियात जास्त, डोंगर जवळ, ऊन जरा जास्त. डिसेंबरात बर्लिनला चारच्या आधीच सूर्य मावळतो आणि म्युनिकला त्यानंतर अर्ध्या तासाने, कामावरून निघाल तेव्हा दोन्हीकडे अंधारच. मराठी मंडळी दोन्हीकडे भेटतात.

म्युनिकचा एकच मुद्दा वर सांगायचा राहिला. स्वस्त घर म्हणून लांब राहायचं ठरवाल तर लक्षात ठेवा, शहरातल्या जवळपास सगळ्या एस-बान गाड्या, म्हणजे उपनगरी लोकल, १९७२ च्या ऑलिंपिकसाठी खोदलेल्या एकाच बोगद्यातून जातात. तिथे सिग्नल बिघडला की चारी दिशांच्या उपनगरांची वाट लागते. दुसरा बोगदा होतोय, पण तो २०३० च्या दशकाच्या मध्याआधी होत नाही. त्यामुळे ऑफिसला आठवड्यातून किती दिवस यावं लागेल हे करारात लिहून घ्या. दोनच दिवस असेल तर शेजारच्या आउग्सबुर्ग शहरात राहूनही जमतं.

तुमच्या जागी मी असते तर स्टार्टअपकडे दीड वर्षाचा पैसा आहे याची खात्री झाल्यावर बर्लिन घेतलं असतं, मुलीसाठी आणि पत्नीच्या पहिल्या नोकरीसाठी. ती खात्री मिळाली नाही तर म्युनिक, आणि पत्नीचा जर्मनचा क्लास या आठवड्यातच. दोन्ही एचआरना प्रश्न पाठवा, उत्तरं आली की खाली लिहा, करारातल्या नोटीस आणि प्रोबेशनच्या कलमांकडे एक नजर टाकून सांगते.