एलएला (लॉस एंजेलिसला) विमानांचे फोटो काढायचेत? मग हे आधी वाच

अरे तू पॅसिफिक कोस्टने खाली येतोयसच तर लॉस एंजेलिसला अर्धा दिवस ठेवच. सेपुल्वेडा रोडवर इन-एन-आउट बर्गरचं दुकान आहे, लॉस एंजेलिस एअरपोर्टच्या २४ आर नावाच्या रनवेच्या अगदी तोंडाशी, विमानं इतकी खालून येतात की चाकं मोजता येतात, ७०-३०० मिमीची झूम लेन्स भरपूर झाली, मोठ्या विमानाला तर तीही जास्त होते. फक्त तिथे विमानं तुझ्या दक्षिणेला असतात, म्हणजे भर दुपारी ऊन समोरून आणि विमानाची ही बाजू काळीठिक्कर. उन्हाळ्यात संध्याकाळी जा. मी पहिल्यांदा बारा वाजता गेलेलो, त्यात फोकस सारखा ताडाच्या झाडावर जाऊन बसायचा, शेवटी बर्गर खाऊन परत (बर्गर ठीकठाक, उगाच हाइप).

दुपारी उभं राहायचं असेल तर एल सेगुंडो गावातली इम्पीरियल हिल ही टेकडी. ती एअरपोर्टच्या दक्षिणेला, त्यामुळे सूर्य पाठीशी, आणि जड विमानांचे टेकऑफ समोरच. पण डांबर तापलं की हवा लवलवते, मग कितीही महाग लेन्स असू दे, फोटो पुसटच येणार.

जेटला शटर १/१००० सेकंद, पंख्याच्या विमानाला १/२५० पेक्षा हळू ठेव, नाहीतर पंखे थिजल्यासारखे दिसतात. फ्लाइटरडार (कुठलं विमान कुठे आहे ते दाखवणारं अ‍ॅप) चालू ठेव. मध्यरात्रीनंतर सकाळी साडेसहापर्यंत विमानं सहसा समुद्राकडून, म्हणजे उलट्या बाजूने उतरतात, तेव्हा बर्गरपाशी जाऊन उपयोग नाही. आणि हो, भाड्याच्या गाडीत बॅग दिसेल अशी अजिबात ठेवू नकोस.